परत यावं लागलं तर?

सातबारा पीककर्जाला चालतो, अमेरिकेला चालत नाही. परदेशी शिक्षणाच्या मोठ्या कर्जासाठी बँक तारण मागते आणि शेतजमीन तिच्या कामाची नसते. थकलेलं कर्ज कोर्टाची पायरी न चढता वसूल करण्याची सोय ज्या 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकांना मिळाली, तो कायदा शेतजमिनीला लागूच होत नाही. त्यामुळे कंधार-मुखेडकडे दहा एकर काळी जमीन असलेला शेतकरी बँकेच्या लेखी हात हलवत आलेला असतो आणि नांदेडात तरोडा नाक्याकडे एक एनए प्लॉट घेऊन ठेवलेला कारकून सक्षम ठरतो. गावातलं घर दाखवावं, तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर बँकेचा वकील सर्च रिपोर्ट द्यायला कुरकुरतो. मग मामाचा प्लॉट निघतो, चुलता जामीन राहतो, नोकरीतला मेव्हणा सहकर्जदार होतो. मार्गदर्शनाच्या पुस्तकांत परदेशी पदवी हा विद्यार्थ्याच्या करिअरचा प्रश्न असतो. नांदेड-लातूरकडे त्या निर्णयावर तीन-चार घरांच्या सह्या असतात.

विष्णुपुरीचं नाव जिल्ह्याबाहेर गेलं ते गोदावरीवरच्या धरणामुळे, पण आता ते शिक्षणाचं ठिकाण झालं आहे. श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था इथे 1981 पासून आहे. 17 सप्टेंबर 1994 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त धरून, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं; नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे आज त्याच्याकडे आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही इथेच आलं. या टापूत अभियांत्रिकीचं तिसरं वर्ष संपत आलं की मुलांच्या वाटा फुटतात. कुणी गेटच्या मागे लागतो, कुणी कंपन्यांच्या, कुणी गुपचूप एमपीएससीची पुस्तकं आणतो, आणि काही जण 'एमएस'चं बोलू लागतात. घरी विषय काढला की उत्तर साधारण ठरलेलं असतं: तिकडं गेल्यावर दोन वर्षांत फिटतंय म्हणतेत. कोण म्हणतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

'जावं की नाही' या प्रश्नाला उत्तर देणारे पायलीला पन्नास मिळतात. त्यात पुण्यातली कन्सल्टन्सी आली, हॉटेलात भरणारा एज्युकेशन फेअर आला, डॅलसला असलेला आतेभाऊही आला. पण विचारायचा प्रश्न दुसराच आहे. पदवी हातात पडली आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या विमानात बसावं लागलं, तर कर्ज इथल्या पगारात फिटेल का, आणि जे शिकलो त्याला इथे काही काम असेल का? दोन्हीला 'हो' येत असेल, तर जायला हरकत नाही, उलट जावंच. एकालाही 'हो' येत नसेल, तर जे विकत घेतलं जातंय ते शिक्षण म्हणवत असलं तरी मूळ माल परदेशी नोकरीच्या सोडतीतला एक नंबर आहे. सोडत खेळणं गुन्हा नाही. फक्त मामाचा प्लॉट त्यात लावताना मामाला तसं सांगितलेलं असावं.

आकडे मांडून पाहू. चाळीस लाखांचं कर्ज, व्याज 11 टक्के, मुदत दहा वर्षं: हप्ता महिन्याला 55,100 रुपयांच्या आसपास पडतो. हिंजवडीत नव्याने लागलेल्या इंजिनिअरचा पगार ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचं सांगायला नको. तेच कर्ज बारा लाखांचं असेल तर हप्ता साडेसोळा हजारांवर येतो. ओढाताण होईल, पण घर उठणार नाही. शिवाय हा साधा हिशोब झाला. शिकत असताना चढणारं व्याज यात धरलेलंच नाही. आणि खर्च डॉलरमध्ये, कर्ज रुपयात. 2014 साली साठ रुपयांच्या आगेमागे असलेला डॉलर डिसेंबर 2025 मध्ये नव्वदीपार गेला. डॉलरमध्ये कमावणाऱ्याला ही घसरण पथ्यावर पडते, परत आलेल्याला तीच दोन्हीकडून मारते. एकाच कर्जाचे हे दोन चेहरे असतात, आणि फेअरमध्ये त्यातला एकच दाखवला जातो.

अमेरिकेत 2023-24 या शैक्षणिक वर्षात 3,31,602 भारतीय विद्यार्थी होते. 2009 नंतर पहिल्यांदाच भारताने चीनला मागे टाकलं. त्यांतले 1,96,567 पदव्युत्तर शिक्षण घेणारे. एवढी गर्दी ज्या वाटेवर आहे ती वाट पुढे किती रुंद आहे? शिक्षणानंतर एक वर्ष 'ओपीटी'वर काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञान शाखेच्या पदवीला आणखी चोवीस महिने मिळतात. त्यानंतर एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा. त्याच्या वर्षाला 85,000 जागा, त्याही साऱ्या जगातून आलेल्या अर्जांसाठी, आणि निवड सोडतीने. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. अमेरिकेतच शिकून व्हिसाचा प्रकार बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा काही आठवड्यांनी आला. मधले दिवस अनेक घरांत कसे गेले असतील याची कल्पना करता येते. ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही, त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची. हे सगळे नियम विद्यार्थ्याच्या हुशारीशी संबंधित नाहीत. 27 मे 2025 रोजी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं थांबलं आणि सुमारे तीन आठवडे थांबलेलंच राहिलं. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू व्हायचे असतात, म्हणजे मुलाखतीची घाई नेमकी त्याच दिवसांत असते.

नांदेडला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. देगलूर-धर्माबादच्या पलीकडे तेलंगणच. हैदराबादजवळचा चिलकूरचा बालाजी 'व्हिसा बालाजी' म्हणून प्रसिद्ध आहे: मागणं मागताना अकरा प्रदक्षिणा, काम झालं की येऊन एकशे आठ. भाविकांची थट्टा करण्याचं कारण नाही. त्यांना आपण काय मागतोय ते नेमकं कळलेलं आहे. देवाला कुणी 'पदवी बालाजी' म्हणत नाही.

बाकी देशांचं थोडक्यात. ब्रिटनने शिक्षणानंतर राहण्याची मुभा 2012 मध्ये काढून घेतली, 2021 मध्ये दोन वर्षांसाठी परत दिली, आणि 2025 च्या धोरणपत्रात ती अठरा महिन्यांवर आणायचं ठरवलं. कॅनडाने जानेवारी 2024 मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि खात्यात दाखवायची रक्कम एका झटक्यात 10,000 वरून 20,635 कॅनेडियन डॉलर केली. जो नियम पाहून मुलगा अर्ज भरतो, तो पदवी मिळेपर्यंत टिकेल अशी हमी कुठलंही सरकार देत नाही, आणि त्यांनी ती का द्यावी?

यावर एक आक्षेप हमखास येतो: असा परतीचा हिशोब करत बसलं असतं, तर आनंदीबाई जोशी 1883 साली बोटीत चढल्याच नसत्या. आक्षेप वजनदार आहे, पण दाखला उलट्या बाजूचा आहे. आनंदीबाई गेल्या त्याच मुळी परत येऊन इथल्या बायकांना औषधपाणी करण्यासाठी. 1886 मध्ये एमडी झाल्या, परतल्या, आणि फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात वारल्या. त्यांचा बेत मृत्यूने मोडला, व्हिसाने नव्हे.

बाबासाहेब आंबेडकरांचा दाखला तर आणखी नेमका. 1913 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. म्हणजे परतणं करारातच होतं. पुढे ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून यावं लागलं. बडोद्यात अधिकारी म्हणून रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. अस्पृश्यतेपुढे परदेशी पदवीचा काही उपयोग झाला नाही. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, मित्राकडून उसने घेतले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं. 1921 मध्ये एमएससी, 1923 मध्ये डीएससी. प्रबंधाचा विषय होता रुपया. परदेशात राहून अभ्यासाला घेतलेला हा प्रश्न इथला होता, आणि परतल्यावर त्याचं मोल वाढलं. परतीचा हिशोब करणारा भित्रा असतो, असं म्हणणाऱ्याने ही तारीखवार हकीकत एकदा वाचावी.

मराठवाड्याची अडचण निराळी आहे. हा भाग निजामाच्या राज्यात होता. त्या दरबाराने परदेशी शिक्षणाला पैसे दिलेच नाहीत असं नाही. सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, 1895 मध्ये निजामाच्याच शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. पण त्यांचे वडील एडिंबरोहून डॉक्टरेट घेतलेले आणि हैदराबादच्या कॉलेजचे संस्थापक होते. त्याच राज्याच्या मराठी जिल्ह्यांत औरंगाबादला इंटरमीजिएट कॉलेज निघालं 1923 मध्ये आणि नांदेडचं पीपल्स कॉलेज 1950 मध्ये. मुंबई-पुण्याच्या घरात आजोबांनी विलायतेचा किस्सा सांगितलेला असतो. इथल्या बहुतेक घरांत आजोबांनी कॉलेजच पाहिलेलं नसतं. माहिती अशी वंशपरंपरेने येते, आणि ती नसली की तिची जागा आतेभाऊ आणि कन्सल्टन्सी घेतात.

तरीही नांदेडहून गेलेल्यांचे दाखले आहेत. सूरज एंगडे नांदेडच्या दलित वस्तीत वाढले, कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण त्यांनी बर्मिंगहॅमला घेतलं आणि पीएचडी केली ती जोहान्सबर्गच्या विट्सवॉटर्सरँड विद्यापीठात. हार्वर्ड त्यानंतर आलं. 'कास्ट मॅटर्स' हे पुस्तक 2019 मधलं. इथे थांबून पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे जोहान्सबर्ग. विष्णुपुरीतल्या कुठल्या मुलाच्या यादीत दक्षिण आफ्रिका असते? जात आणि वंश यांचा विचार करणाऱ्याला मात्र तो देश अभ्यासासाठी अव्वल ठरतो. अभ्यासाचा प्रश्न आधी आणि देश मागून, असा तो क्रम आहे. आणि विष्णुपुरीच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर मराठीत लिहिलं. लातूरच्या शाहू कॉलेजचे प्राचार्य असलेला माणूस हार्लेमपर्यंत विचाराने पोहोचतो, तो प्रश्नाच्याच बोटाला धरून.

शिष्यवृत्त्यांनी मघाच्या कसोटीतला कर्जाचा अर्धा भाग एका फटक्यात सुटतो, म्हणून त्यांची चौकशी कर्जाच्या आधी व्हायला हवी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, जागा 75. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी 'सारथी'मार्फत महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाची योजना आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती 125 जणांची. या शेवटच्या योजनेत 2022 मध्ये एक चमत्कारिक अट आली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास या विषयांना ती मिळणार नाही. म्हणजे बीड-लातूरच्या ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर लंडनला जाऊन संशोधन करू पाहणाऱ्या मजुराच्या मुलाने दुसरा विषय शोधायचा. असले विषय देशातच अभ्यासावेत, असं त्यामागचं समर्थन. रुपयावरचा तो लंडनचा प्रबंध या अटीखाली बसला असता का, हे ज्याने त्याने ठरवावं.

ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती वेगळ्या घाटाची. आधी किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावंच लागतं. 'एकलव्य' या संस्थेचे राजू केंद्रे बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यातले. ते याच शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसमध्ये शिकले. संस्था त्याआधी, 2017 मध्येच सुरू झाली होती. काम आधी, पदवी नंतर, मग पुन्हा तेच काम. बाविसाव्या वर्षी घाईने अर्ज करणाऱ्याला हा क्रम संथ वाटेल. पण दोन वर्षं नोकरी केलेल्याला निदान आपल्याला काय येत नाही हे कळलेलं असतं, आणि परतल्यावर कुठे बसायचं हेही.

ज्यांना शिष्यवृत्ती नाही आणि चाळीस लाखही नाहीत, त्यांच्या यादीत हल्ली जर्मनी वर असतो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला 1,500 युरो पडतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही शुल्क सुरू केलं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधी भरावे लागतात. 2025 अखेरच्या भावाने साडेबारा लाखांच्या घरात. पैसे आपलेच, तिथे पोचल्यावर महिन्याला 992 प्रमाणे परत मिळतात. कागदपत्रं पडताळल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र दिल्लीहून लागतं.

पैशांनंतर प्रवेशासाठीच्या गुणांची गोष्टही जरा जवळून पाहावी. जर्मन विद्यापीठं आपले गुण एका सूत्राने आपल्या मापात बसवतात: कमाल गुणांतून मिळालेले वजा करायचे, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुणांनी भागायचं, तीनने गुणून एक मिळवायचा. दहापैकी सात सीजीपीए असेल आणि किमान उत्तीर्ण श्रेणी चार असेल, तर उत्तर येतं 2.5. तिथे आकडा जितका लहान तितका चांगला, आणि अनेक अभ्यासक्रम 2.5 ची रेघ मारतात; म्हणजे गडी काठावर का होईना, आत. पण ट्रान्सक्रिप्टवर किमान श्रेणी पाच छापलेली असेल, तर त्याच सातचे होतात 2.8. आणि ती छापलेलीच नसेल, तर विद्यार्थ्याला परीक्षा विभागाच्या खिडकीवर वेगळं पत्र मागायला उभं राहावं लागतं. शिफारसपत्राचंही तसंच. परदेशी विद्यापीठ प्राध्यापकाच्या संस्थेच्या ई-मेलवर थेट दुवा पाठवतं. सरांकडे संस्थेचा ई-मेल नसतो, आणि सर प्रेमाने म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. हुशार मुलगा रँकिंगच्या याद्या पाठ करतो आणि अडतो इथे.

दुसरी एक वाट आहे, जिच्याबद्दल फेअरमध्ये कुणी बोलत नाही, कारण तिच्यात कमिशन नाही. अमेरिकेतली चांगली विज्ञान-अभियांत्रिकीची पीएचडी सहसा फुकट असते, वर महिन्याचा खर्च मिळतो. पैसे मोजावे लागतात ते मुख्यतः मास्टर्सला. अट एवढीच की संशोधन केल्याचा काही पुरावा हवा. तो इथेही जमवता येतो. गेट देऊन आयआयटीत एमटेक केलं तर महिना 12,400 रुपये मिळतात. देशातली जेआरएफ 2023 पासून 37,000 झाली आहे. रघुनाथ माशेलकरांनी पीएचडी मुंबईच्या यूडीसीटीत केली आणि मग ते सॅलफर्डला गेले. विजय भटकरांचं शिक्षण तर नागपूर, बडोदा, दिल्ली असं देशातच झालं, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम महासंगणक उभा राहिला. ग्रामीण कॉलेजातून तीन वर्षांची बीएस्सी झालेल्याला तर आधी इथे एमएस्सी करणं बहुधा भागच असतं, कारण अमेरिकेतली अनेक विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. त्याला ते सक्तीचं वाटतं. खरं तर कर्जाशिवाय मिळालेला तो दोन वर्षांचा विचार करण्याचा अवधी आहे.

आता ज्याने जावंच असा एक विद्यार्थी घेऊ. विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी संस्थेत वस्त्रतंत्रज्ञानाचा विभाग आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने 1984 मध्ये दिलेला 'एनएचएच 44' हा संकरित वाण मराठवाड्यात घरोघरी ठाऊक झाला होता. नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली, पण कापूस पिकायचा थांबला नाही. केंद्राने 2020 मध्ये 1,480 कोटींचं राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केलं: रस्त्याखाली अंथरायची जिओटेक्स्टाइल, दवाखान्यातली वस्त्रं, शेतावरची जाळी. या विषयात आखेन आणि ड्रेस्डेन इथे नावाजलेल्या संस्था आहेत, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात आहे. तिथून शिकून आलेल्याला परतावं लागलं, तर इचलकरंजी आहे, सुरत आहे, कोइंबतूर आहे. कसोटीच्या दोन्ही भागांत तो बसू शकतो. आणि याच वर्गातला मुलगा फॉर्म भरायला बसतो तेव्हा चार वर्षं शिकलेल्या धाग्याकडे पाठ फिरवून डेटा सायन्स निवडतो, कारण ओपीटीवर त्यात नोकरी लवकर लागते असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. त्याच्या चुलत्याने जामीन राहण्याआधी त्याला विचारावं की आखेनला अर्ज का नाही केलास.